पिवळा ठिपका

पेण
१२ फेब्रुवारी २०२४

ती. अंबरीशकाकांस,
नम्रताचा नमस्कार.

असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नाहीत, फोन ऐकले जातात, पत्र लिही, असं तुम्ही म्हणालात. म्हणून लिहिते आहे. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, सांभाळून घ्या.

अमोलला जाऊन तीन महिने झाले. जानेवारीत त्याच्या पलटणीकडून लखोटा आला. आईला वाटलं, पोराचं कौतुक लिहिलं असेल. तिने तो फोडूच दिला नाही. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत शाळेच्या ओट्यावर तिने तो स्वतःच्या हाताने काळुराम सरपंचाकडे दिला आणि म्हणाली, "सगल्यांना आयकू दे."

काळुरामने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर त्याचा आवाज खाली गेला, पण सगळं गाव समोर बसलेलं, थांबणार कसा? "जवान अमोल रघू घरत याने सरावाच्या वेळी पिन काढल्यावर हातबाँब फेकण्यास दिरंगाई केली. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे." शाळेच्या फाटकाला अमोलचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी मीच रंगवली होती. आता काळुराम म्हणतो, चौकशीत असं आलंय तर जरा थांबू. पाटी खाटेखाली पडून आहे.

आई दिवसातून दहा वेळा एकच बोलते. "माजा पोर दिरंगाई करनारा नवता गो. आंघोलीचा तांब्या डोक्यावर वतायला पन त्याला धीर नसायचा."

काका, तुमची उभी नोकरी सैन्याचा माल तपासण्यात गेली. अमोल रोह्याला कॉलेजात असताना तुमच्याकडे राहिला, भरतीसाठी पहाटे कुंडलिकेच्या काठाने तुम्हीच त्याला पळवलंत. म्हणून तुम्हालाच विचारते. बाँब आपणहून लवकर फुटू शकतो का?

काकूंना नमस्कार.
नम्रता

---

रोहा
२० फेब्रुवारी २०२४

चि. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी लतिकाकाकू रडली. अमोल आम्हाला आमच्या लेकीपेक्षा, ऋजुतापेक्षा, वेगळा नव्हता. सकाळी मी अजून नदीकाठी जातो, पण पुलाच्या पुढे पाय जात नाहीत.

आता तुझा प्रश्न. हातबाँबला वरून एक खटका असतो. पिन काढली तरी खटक्याची पट्टी मुठीत दाबलेली असते तोवर काही होत नाही. बाँब फेकला की पट्टी उडते आणि तिथून चार सेकंदांनी तो फुटतो. हे चार सेकंद तपासल्याशिवाय एकही लॉट सैन्यात जात नाही. चाळीस वर्षं मी हेच केलं. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. सरावात भलीभली मुलं गांगरतात, पट्टी सुटते आणि हात उगारलेलाच राहतो. त्यात अमोलची बदनामी नाही.

तो माल कुठला, कोणी पास केला, याची मला कल्पना नाही. मी ३१ मे २०२२ ला निवृत्त झालो, त्यानंतरचं मला काही माहीत नाही. आईला, चंद्रावतीवहिनींना, जप. हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझा,
अंबरीश टिपणीस
(पान १ पैकी १. अं.टि. २०/२/२४)

---

पेण
९ मार्च २०२४

ती. काकांस,
नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. "भलीभली मुलं गांगरतात" हे तिने दोनदा वाचायला लावलं आणि मग उठून ओट्यावर जाऊन बसली.

मध्यंतरी अमोलच्या पलटणीतल्या हैबतरावांचा फोन आला. ते अमोलच्या शेजारच्या खड्ड्यात होते, त्यांचा एक कान कायमचा गेला आहे. ते शपथेवर सांगतात की अमोलचा हात मागे गेला, पट्टी उडाली आणि एक म्हणेपर्यंत बाँब फुटला. चार सेकंद नव्हे, एक. त्यांनी पेटीवरचं लिखाणही सांगितलं. खटके आपल्याच खांब गावाजवळच्या दर्यादीप कंपनीचे.

ते असंही म्हणतात की कंपनीने तपासणीसाठी निवडक चांगले नग वेगळे बनवले होते. साहेबाने नेमके तेच उचलावेत म्हणून त्यांच्या बुडाला लाल ठिपका दिला होता. वीस नग तसे होते, वीसच तपासले गेले आणि बाकी सगळा खराब माल पास झाला. हे मी तक्रारीत लिहू का? मला यातलं काही कळत नाही. उलटंसुलटं लिहून बसेन आणि अमोलचं हसं होईल. तुम्ही एकदा नजर टाका.

नम्रता

---

रोहा
१८ मार्च २०२४

चि. नम्रता,
आशीर्वाद.

बरं झालं विचारलंस. हे असं लिहून पाठवलं असतंस तर पहिल्याच टेबलावर लोक तुला हसले असते.

हैबतरावांनी काही पाहिलेलं नाही, ते ऐकीव बोलताहेत, हे मी तुला पुराव्यानिशी सांगतो. एक, एवढ्या मोठ्या लॉटला वीस नग काढतच नाहीत. बत्तीस काढतात, आणि त्या लॉटलाही बत्तीसच काढले होते. दोन, ठिपका लाल नव्हता, पिवळा होता. तीन, तो बुडाला नव्हता. पट्टीच्या आतल्या अंगाला होता, मोहरीएवढा. खटका बाँबवर चढवला की तो कोणाला दिसूच शकत नाही. मग हैबतरावांना दिसला कसा? अशा माणसाच्या भरवशावर राहून तोंडघशी पडू नकोस.

माझं ऐक. कंपनीचे मालक हर्षद म्हणून आहेत, त्यांचे सासरे वरच्या जागेवर आहेत. त्यांच्याशी वाकडं घेऊन आपल्यासारख्यांना काही मिळायचं नाही. पाटीचं मी काळुरामशी बोलतो.

हेही फाडून टाक.

अंबरीश टिपणीस
(पान १ पैकी १. अं.टि. १८/३/२४)

---

पेण
५ जुलै २०२४

अंबरीशकाका,

साडेतीन महिने उत्तर दिलं नाही, कारण तुमच्या उत्तराची नीट सोय लावत होते.

हैबतरावांनी कुठलाच ठिपका पाहिला नव्हता. लाल, वीस आणि बूड हे तिन्ही मी माझ्या मनाने लिहिलं होतं. अमोल हसत हसत सांगायचा, "टिपणीसकाकांसमोर मुद्दाम चुकीचं बोलायचं, ते जेवण सोडून दुरुस्त करतात." मी तेवढंच केलं. ज्या लॉटची तुम्हाला कल्पनाच नव्हती, त्याचे नग, रंग आणि जागा तुम्ही मला बिनचूक लिहून दिलीत.

रंग मला आधीपासून माहीत होता. निडी गावचा सखा, आमच्या आत्याचा मुलगा, दर्यादीपमध्ये पॅकिंगला होता. बावीसच्या फेब्रुवारीत तो, मी मूर्ती रंगवते त्या नूतनताईंच्या गणपतीच्या कारखान्यात माझ्याकडे आला. "ताय, बारीकातला बारीक ब्रश दे, आनि थोडा रंग. कंपनीत खुना करायच्या हायत." मी डोळे आखायचा माझा शून्य नंबरचा ब्रश दिला आणि पितांबराचा पिवळा वाटीत काढून दिला. अमोलच्या तेराव्याला सखा भिंतीवरच्या फोटोसमोर बसला आणि उठेचना. मग त्याने सांगितलं. ठिपके त्याने दिले, ठिपक्यांचे नग वरच्या थरात त्याने लावले, आणि एप्रिलात तुम्ही आलात, एकेक पट्टी उचलून आत बघत बत्तीस वेचून घेतलेत. माझ्या रंगावर बोट ठेवून तुम्ही माझा भाऊ पास केलात.

सखा साक्ष देणार नाही. त्याला दोन लहान मुली आहेत आणि हर्षदची माणसं त्याच्या दारावरून चक्कर मारून गेली आहेत. म्हणून मला कोणाचं तरी लेखी हवं होतं. तुम्ही पत्र लिही म्हणालात, तेव्हा मला पहिल्यांदा देव आठवला.

पत्रं फाडलेली नाहीत. प्रत्येक पानाखाली तुमची सही आणि तारीख आहे, चाळीस वर्षांची सवय. सोबत माझ्या तक्रारीचा मसुदा जोडते आहे. अजून पाठवलेला नाही. तुम्हीही बघा, आम्हाला कसं वाटलं असेल ते, दुसऱ्याच्या हातातल्या कागदाची वाट बघताना.

नम्रता

---

रोहा
९ जुलै २०२४

नम्रता,

तू हे असं करशील असं वाटलं नव्हतं. ज्या घरात तुझ्या भावाने चार वर्षं जेवण केलं, त्या घराला तू सापळा लावलास?

आता सगळं सांगतो, मग तूच ठरव. दुसऱ्या एका कंपनीचे खटके उत्तम होते. चाचणीत एकही नग चुकला नाही. वरून निरोप आला की हे बाद करा. माझ्याकडून कारण निघेना. शेवटी त्यांच्या पेटीची उंची दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त आहे असं लिहून मी त्यांना बाद केलं. मग दर्यादीप एकटीच उरली. निवृत्तीला सव्वा महिना राहिला होता, माझ्यावर एक जुनी चौकशी उकरून काढतील अशी धमकी होती, आणि ऋजुताला हर्षदच्या ओळखीने परदेशात नोकरी लागली होती. मी ठिपके पाहिले. मला वाटलं, बाकीचे नग थोडे डावे असतील, पण चालतील. अमोलच्याच हातात तो बाँब जाईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

हे बाहेर आलं तर हर्षद सुटेल, त्याचे सासरे सुटतील. तुझ्या हाती फक्त मी लागेन, साठी उलटलेला म्हातारा. लतिकाला यातलं काही माहीत नाही, तिचा रक्तदाब वाढलेला असतो. पत्रं परत दे. मी पुण्याला ओळखीने बोलून अमोलच्या कागदातली ती ओळ काढून घेतो. कोणाला कळणार नाही.

तुझ्या पाया पडतो.

अंबरीश
(पान १ पैकी १. अं.टि. ९/७/२४)

---

पेण
१६ जुलै २०२४

काका,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. "अमोलच्याच हातात" असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातात गेला असता तर चाललं असतं.

आणि कोणाला न कळता ओळ काढणार? ती ओळ सगळ्या गावाने ऐकली आहे. मी बाजारात गेले की बायका माझ्याशी मऊ बोलतात, जणू अमोलने काही चोरलं होतं. आई मिठागरावर जायची बंद झाली. कारण तिथे कोणीतरी म्हणालं, "बाय, पोरानं हात जरा लवकर उचलला असता, तर."

हर्षद सुटेल म्हणता. सुटू दे. हर्षदला मी ओळखत नाही. त्याने अमोलला पहाटे उठवून नदीकाठी पळवलं नाही. त्याने "सैन्यात जा, नाव काढ" असं सांगितलं नाही. त्याने अमोलच्या अंत्ययात्रेला येऊन आईच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तुम्ही ठेवलात, आणि तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. मला तुम्हीच हवे होतात. हर्षद आणि त्याचा सासरा मिळाले तर वर मिळाले.

एवढंच सांगते. तक्रार तर जाईलच, पण ती तुम्ही स्वतःच्या हाताने पुरी करायची. मला काय कळतं तपासणीतलं? मसुद्यात चुका असतील. गणपतीपर्यंत वाट बघेन.

नम्रता

---

रोहा
२४ ऑगस्ट २०२४

चि. नम्रता हिस,
लतिकाकाकूचे आशीर्वाद.

अगं, गणपती दोन आठवड्यांवर आला आणि तुझा फोन नाही. दरवर्षी श्रावण संपायच्या आत तू विचारतेस, पितांबर पिवळा की केशरी. वर्षश्राद्धाच्या आधी सण नको वाटत असेल, ते मी समजू शकते. पण बाळ, आमच्याकडे बारा वर्षं तुझ्या हातचाच गणपती बसतो, दुसऱ्याच्या हातचा नको वाटतो.

हे जेवत नाहीत. सारखे कपाट उघडून जुन्या वह्या काढतात. तुझं त्यांच्याशी काही बिनसलंय का? यांच्या बोलण्याने दुखावली असशील तर त्यांच्या वतीने मी माफी मागते. सवयच आहे त्यांना चुका काढायची.

मूर्ती पाठव हं. पितांबर पिवळाच असू दे.

तुझी काकू

---

पेण
५ सप्टेंबर २०२४

अंबरीशकाका,

कोलाडमार्गे रोह्याला जाणाऱ्या टेंपोत तुमची मूर्ती ठेवली आहे. सव्वा फुटाची, शाडूची, काकूंनी सांगितला तसा पिवळा पितांबर. तोच रंग, त्याच वाटीतला.

सोंड, मुकुट, मूषक, सगळं पुरं आहे. डोळे आखलेले नाहीत. नूतनताई म्हणाल्या, "देवाशी असं वागू नये गो." मी म्हटलं, देवाचं मी बघून घेईन. काकूंचं मात्र वाईट वाटतं, आणि तरीही पाठवते आहे.

तुम्ही तपासून घ्या. माल बरोबर असेल तर पास करा आणि खाली सही करा.

नम्रता

---

रोहा
१२ सप्टेंबर २०२४

चि. नम्रता,

मूर्ती चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पोचली. लतिकाने कागद सोडवला आणि मागे सरली. बाजारातून दुसरी मूर्ती आणायला ती चप्पल घालून निघाली होती. मी तिला थांबवलं आणि बसवून सगळं सांगितलं. ती उठून बॅग भरायला लागली. सकाळच्या गाडीने ठाण्याला तिच्या बहिणीकडे गेली. रात्री ऋजुताचा फोन आला. "बाबा, माझी नोकरी त्यासाठी होती?" एवढंच विचारून तिने ठेवून दिला.

दीड दिवस मूर्ती चौरंगावर तशीच होती. पूजा केली नाही, करता येत नव्हती. दर्शनाला माणसं आली, दारातूनच परत गेली. कोणी विचारलं तर मी सांगितलं, काम अर्धवट राहिलंय. मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो. मी त्या दिवशी चष्मा लावून एकेक पट्टी बघितली होती, नम्रता. माझी नजर चांगली होती.

तुझा मसुदा परत पाठवतो. त्यात तीन चुका होत्या. लॉटचा क्रमांक एका आकड्याने चुकला होता, दुरुस्त केला. तपासणीची तारीख तू अंदाजे घातली होतीस, ती २१ एप्रिल २०२२ अशी आहे. माझ्या त्या दिवसाच्या वहीचं पान, बाद केलेल्या कंपनीच्या चाचणीचे आकडे आणि वरून निरोप आणणाऱ्या तिघांची नावं जोडली आहेत. तिसरी चूक म्हणजे लॉट पास करणाऱ्याच्या नावाची जागा तू कोरी ठेवली होतीस. ती भरली आहे.

एक प्रत मी स्वतः रजिस्टरने पाठवली. पावती सोबत आहे. आता मला क्षमा करता आली तर बघ.

अंबरीश टिपणीस
(पान १ पैकी १. जोडपत्रे ११, प्रत्येकावर सही. अं.टि. १२/९/२४)

---

पेण
२० सप्टेंबर २०२४

अंबरीशकाका,

कागद पोचले. अकराही मोजून घेतले, प्रत्येकावर सही आहे.

तुम्ही हे केलंत त्याचं मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. रात्री मी पाटी खाटेखालून काढून पुसली, तेव्हा थोडं वाटलं.

क्षमेचं विचारलंत. आईला विचारलं. ती म्हणाली, "पोस्टानं नाय. तोंडानं."

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. त्या दिवशी सर्वपित्रीही आली आहे, अमोलचं पान वाढून झालं की सगळे शाळेच्या ओट्यावर जमतील. काळुरामला सांगून ठेवलं आहे, पहिला विषय तुमचा. जिथे अमोलचा कागद वाचला गेला, तिथेच उभं राहून तुमचा कागद तुम्ही वाचायचा, ठिपक्यापासून सहीपर्यंत. आई पुढे बसेल. त्यानंतर पोलीस नेतील की कोर्ट बोलावेल, ते त्यांचं ते बघतील.

सकाळची गाडी धरा, पेणला मी उतरवून घेईन, तिथून गावात आणेन. चष्मा आणायला विसरू नका. मध्येच अडखळलात तर आई पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावणार आहे.

नम्रता